वैनगंगेचा काठ

आरमोरीला समुद्रकिनारा नाही. वैनगंगेचा काठ आहे. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी भंडारा जिल्हा ओलांडून आरमोरीजवळून दक्षिणेस वाहते आणि पुढे चपराळ्याजवळ वर्धा नदीस मिळून प्राणहिता होते. पावसाळ्यात तिचे पात्र इतके रुंदावते की, समुद्र याहूनही मोठा असतो हे गावातल्या दोन भावांना लहानपणी खरे वाटत नसे. त्यांपैकी धाकटे नोकरीनिमित्त नागपुरास गेले. थोरल्यांनी वडिलांचे धान्य-किराण्याचे दुकान सांभाळले.

उतारवयात काचबिंदूने थोरल्यांची दृष्टी जवळजवळ हिरावून घेतली. ते मुलाकडे नागपुरास आले आणि दुकान बंद करण्याचे ठरले. येणे-देणे मिटवण्यासाठी धाकटे जानेवारीत आरमोरीस निघाले, तेव्हा थोरले एवढेच म्हणाले, “नदीकाठाचे फोटो काढून आण.” ज्याला दिसत नाही त्याने फोटो मागावेत याचे धाकट्यांना नवल वाटले, पण त्यांनी कारण विचारले नाही.

त्यांनी सायंकाळची वेळ निवडली. सूर्य पलीकडे ब्रह्मपुरीच्या बाजूस कलला होता. १९८२ पर्यंत दोन्ही काठ चंद्रपूर जिल्ह्यातच होते. आता मावळता सूर्य दुसऱ्या जिल्ह्यात उतरतो. केशरी पाणी, रेतीच्या बेटावर चक्रवाकांची जोडी, दूरवर पूल. चाळीसेक फोटो निघाले आणि एकाहून एक सुरेख निघाले.

नागपुरास परतल्यावर धाकट्यांनी प्रत्येक फोटोचे वर्णन केले. थोरल्यांनी शांतपणे ऐकले आणि मग विचारले, “पाणी कोणत्या काठाला लागून आहे? रेतीत खड्डे खणलेत का? डोंगे किती बांधलेत?”

एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना. फोटो मोठे करून पाहिले, तर सूर्यासमोरचा सारा काठ काळवंडलेला. जे आकाश कुणी मागितले नव्हते, तेवढे मात्र स्पष्ट आले होते.

मग थोरल्यांनी कारण सांगितले. पावसाळ्यानंतर पाणी ओसरले की काठची कुटुंबे रेतीत खड्डे खणतात, त्यांत शेणखत घालून टरबूज-काकडी लावतात. बियाणे, खत आणि चार महिन्यांचा किराणा दुकानातून उधारीवर जाई. फळ विकले की उन्हाळ्यात खाते चुकते होई. २०२० मध्ये ऐन हंगामात टाळेबंदी आली आणि फळाला गिऱ्हाईक उरले नाही. ऑगस्टअखेर, दशलक्षण पर्वाच्या दिवसांत, मध्य प्रदेशातील अतिवृष्टीने पूर आला. गोसीखुर्द धरणाची सर्व ३३ दारे उघडली गेली. काठच्या बांध्यांतील धान गेले, घरे पडली, डोंगे वाहून गेले. त्यानंतर अकरा खाती तशीच राहिली. थोरल्यांनी तगादा लावला नाही. पुढे डोळेच गेले, आणि ती माणसे पुन्हा उभी राहिली की नाही हे त्यांना कळलेच नाही.

ही अकरा नावे धाकट्यांनी वसुलीच्या यादीत सर्वांत वर लिहिली होती.

फेब्रुवारीत ते पुन्हा गेले. या वेळी सकाळी गेले, म्हणजे पूर्वेचा सूर्य पाठीशी येऊन समोरचा काठ उजळतो. पूल, नदीत उतरणारी वाट आणि पुराचा गाळ अजून खोडावर असलेले एक झाड, अशा तीन जागा ठरवल्या. प्रत्येक फोटोची तारीख, वेळ आणि दिशा वहीत टिपली. माणसांचे फोटो त्यांना विचारूनच घेतले. एका म्हाताऱ्या ढिवराने कॅमेऱ्याकडे पाहण्याआधी विचारले, “सेठजीचे डोळे कसे आहेत? माझं देणं बाकी आहे त्यांचं. किती उरलं?” खाती नागपुरात होती. धाकट्यांना आकडा सांगता आला नाही.

तो थोरल्यांनी सांगितला. वही न उघडता, अकराही खात्यांचा. धाकटे फोटो पाहून सांगत गेले आणि थोरले नावे जुळवत गेले. सात वाड्यांत वेल पसरले होते. चार जागा रिकाम्या होत्या. ती कुटुंबे मजुरीसाठी बाहेर गेल्याचे काठावर कळले होते.

“त्या चौघांची खाती मिटव,” थोरले म्हणाले. “घरी आली तर घाबरत येऊ नयेत.”

“आणि हे सात?”

“त्यांना मागू नकोस. ते स्वतः देतील. आपण माफ केले तर त्यांना वाईट वाटेल.”

धाकट्यांनी वसुलीची यादी पुढे ओढली. चार नावांवर रेघ मारली. सात नावांपुढे काही लिहिले नाही. थोरल्यांनी विचारले, “फुले आली होती का वेलांवर?”

धाकट्यांनी पुन्हा फोटो मोठा केला. पिवळे ठिपके दिसत होते.

“आली आहेत, दादा.”

“मग एप्रिलमध्ये परत जा. फळ कसे धरले ते पाहून ये.”