अनोळखी जाहिरातदार

गच्चीवरच्या बागेबद्दल माझी एक छोटी मराठी वेबसाइट आहे. तिच्यावर जाहिरात घ्यायचीच झाली तर ओळखीच्या माणसाची, हा माझा जुना हट्ट. त्याला मी परंपरेचा टेकूही देत असे. आपले दिवाळी अंक सराफ, पतपेढ्या आणि मसालेवाल्यांच्या जाहिरातींवरच तर निघतात. ‘किर्लोस्कर’ मासिकाची सुरुवातच मुळी १९२० साली नांगर बनवणाऱ्या कारखान्याची ‘खबर’ म्हणून झाली. देणारा आणि छापणारा एकमेकांना ओळखत असले की लबाडीला जागा उरत नाही, असं मला वाटायचं. याउलट गूगलच्या ॲडसेन्सचा लिलाव! वाचक पान उघडतो तेवढ्या क्षणात बोली लागते, जागा विकली जाते, आणि कुणाला विकली हे साइटच्या मालकिणीला ठाऊकही नसतं. ते मला फार बाजारू वाटे.

म्हणून आमच्या भागातल्या एका नर्सरीवाल्या काकांची जाहिरात घेतली. वर्षाचे पैसे एकरकमी, वर दिवाळीला शेवंतीचं रोप.

पुढच्या उन्हाळ्यात कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, लिहायला बसले. काथ्या खाऱ्या पाण्यात भिजवलेला असेल तर त्याच्या भुशात मीठ राहतं, आणि तो न धुता कुंडीत घातला की पानांच्या कडा करपतात. काकांकडच्या कोकोपीटच्या विटा खारट होत्या. मी जिभेला लावून पाहिल्या होत्या. लेखात मात्र उतरलं, ‘काही वेळा कोकोपीट धुऊन घेतलेलं बरं.’ काही वेळा! काकांनी मला एका शब्दानेही अडवलं नव्हतं. अडवलं असतं तर मी कडाकडा भांडले असते. शेवंतीशी कशी भांडणार?

मुदत संपल्यावर मी त्यांची जाहिरात पुन्हा घेतली नाही. ते वाक्य बदललं आणि ज्याला नाकं मुरडत होते त्या ॲडसेन्सचा अर्ज भरला. १० डॉलर जमल्यावर घरच्या पत्त्यावर टपालाने पत्ता पडताळण्याचा पिन आला. १०० डॉलर होईपर्यंत एक पैसाही हातात येत नाही, आणि मराठी साइटला तिथवर पोचायला बराच धीर लागतो. मावशीने प्रेमाने सुचवलं, ‘आपल्या भिशीच्या ग्रुपवर टाकते, सगळ्याजणी रोज क्लिक करतील.’ तसं केलं तर खातंच बंद होतं, हे तिला पटवताना माझ्या नाकी नऊ आले.

पैसे किती? डोमेन आणि होस्टिंग सुटतं, बियाण्यांचा खर्च निघतो. अमेरिकेतून कुणी मराठी वाचक आला की आकडा जरा हलतो. हा आकडा रोज बघायची खोड वाईट, हे कबूल करते. विमा आणि कर्ज या विषयांना भाव जास्त मिळतो हे कळल्यावर ‘बागेचा विमा’ असलं काहीतरी माझ्याही डोक्यात येऊन गेलं. पण तो मोह समोर दिसतो, त्याला नाही म्हणता येतं. काकांच्या वेळचा मला दिसलाच नव्हता.

आता पिठ्या ढेकणासाठी निंबोळी अर्क फवारा, असं मी लिहिते आणि त्याच पानावर रासायनिक कीटकनाशकाची जाहिरात झळकते. अशा जाहिरातींचे वर्ग बंद करायची सोय आहे, पण मी केलेले नाहीत. तो जाहिरातदार मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही, आणि माझ्या ओळीत ‘काही वेळा’ घुसत नाही.

काकांकडून रोपं अजून घेते. जाहिरात का बंद केली, ते त्यांना सगळं सांगितलं. ते हसले आणि मुलाला गूगलवर जाहिरात द्यायला लावली. मध्यंतरी एका वाचकाने स्क्रीनशॉट पाठवला: ‘कोकोपीट नेहमी धुऊनच वापरा’ या वाक्याखाली काकांच्याच नर्सरीची जाहिरात. त्यातून मला काही पैसे मिळालेच असणार.