निदान

यंत्रे आणि मी यांचे सख्य कधीच जमले नाही. चौतीस वर्षे मुलांना मराठी शिकविण्यात आणि त्यांतील शेवटची काही वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसण्यात गेली. त्या काळात शाळेची घंटा आणि खडू यांपलीकडच्या कोणत्याही साधनाशी माझा फारसा संबंध आला नाही. त्यामुळे गेल्या मे महिन्यात आमच्या चौलच्या घरातील धुलाईयंत्राने असहकार पुकारला, तेव्हा मी आधी चिडलो आणि मग हताश झालो.

हे यंत्र म्हणजे वरून झाकण उघडून कपडे टाकावयाचे, उभ्या पिंपासारखे. सौभाग्यवतीच्या मनगटांत संधिवाताने ठाण मांडल्यापासून ते आमच्या घरी आले आणि पाहता पाहता घरातले एक माणूसच होऊन बसले. सुरू केले की नळाचे पाणी आत येई, ठरल्या पातळीला पोहोचले की थांबे आणि मग तळाची चकती गरगर फिरू लागे. त्या दिवशी मात्र पाणी येतच राहिले. अर्धा तास लोटला तरी यंत्राची तहान भागेना. शेवटी पडद्यावर कसलीशी अक्षरे लुकलुकली आणि यंत्र मुके झाले. वर जाऊन पाहतो, तर गच्चीवरील टाकी रिकामी!

तुमच्यापैकी जे समुद्रकाठी राहतात, त्यांना मे महिन्यातील रिकाम्या टाकीचा अर्थ सांगावयास नको. विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि उपसा अधिक केला तर उरलेले पाणीही मचूळ होते. तालुक्याच्या गावाहून दुरुस्ती करणारे एक गृहस्थ आले. त्यांनी बटणे दाबली, कान देऊन ऐकल्यासारखे केले आणि एकही स्क्रू न काढता निकाल दिला, "आतले सर्किट गेले. खर्च करण्यापेक्षा नवे घ्या." ते गेल्यावर सौभाग्यवतीने काही न बोलता बादली ओढली आणि साबणाची वडी हातात घेतली. तिच्या सुजलेल्या मनगटांकडे माझ्याने पाहवेना.

आणि मग माझा राग भलतीकडेच वळला. सुट्टीसाठी माझी बारा वर्षांची नात मुंबईहून आली होती. गेटवेपासून मांडव्यापर्यंत लाँचने आणि तेथून गाडीने. आल्या दिवसापासून ती रोज सायंकाळी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर खेळे आणि अर्धा किनारा फ्रॉकमधून घरी आणी. मी तिला हाक मारली आणि शाळेत वापरीत असे त्याच आवाजात म्हणालो, "हे तुझ्या वाळूचे प्रताप आहेत. वाळू आत जाऊन यंत्र बिघडले."

"आजोबा, मी कपडे झटकूनच टाकते," ती म्हणाली.

"उलट उत्तर नको!"

ती उत्तरली नाही. पण त्या रात्री ती माझ्याजवळ गोष्ट ऐकावयासही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर ती यंत्रासमोर पाटावर बसलेली, मांडीवर वही. वहीत तिने तीन प्रश्न लिहिले होते. पाणी पुरेसे आत येते का? आलेले पाणी आत राहते का? राहिलेले पाणी यंत्राला कळते का? मी ते तीन प्रश्न दोनदा वाचले. व्याकरणाची एकही चूक नव्हती. पण मला थांबविले ते त्यांच्या क्रमाने. 'निदान' हा शब्द मी आयुष्यभर शिकवला. संस्कृतात निदान म्हणजे मूळ कारण. माधवनिदान हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ रोगांची कारणे आणि लक्षणे सांगतो. मराठीत याच शब्दाचा 'कमीत कमी' असाही अर्थ होतो. निदान तपासून तरी पाहावे, एवढे मला आदल्या दिवशी सुचले नव्हते.

माझ्या लहानपणी आमच्या वाडीत रहाट होता. अष्टागरातील वाड्यांची शिंपणे त्या काळी रहाटावर चालत. रहाट कुरकुरू लागला की वडील सुताराला बोलावीत. तो आल्याबरोबर किकरे-पटाशी काढीत नसे. बैलाला दोन फेरे घालावयास लावी, लाट्याजवळ कान नेई, पुन्हा दोन फेरे घालावयास लावी, आणि मगच कोणत्या खुंटीला हात घालावयाचा ते ठरवी. नात त्याच जातीची निघाली.

पहिला प्रश्न सोपा होता. आम्ही यंत्राची नळी सोडवून नळाखाली दहा लिटरची बादली धरली. ती मिनिटाभरात भरली. नळी जेथे यंत्राला जोडतात तेथे एक बारीक जाळी असते. तिच्यावर आमच्या जांभ्या दगडाची तांबडी माती बसली होती. जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने ती साफ केली. तरीही यंत्राचे वागणे बदलले नाही.

तिसऱ्या प्रश्नापाशी माझा थोडा उपयोग झाला. पाण्याची पातळी यंत्राला कशी कळते, हे तिला उलगडत नव्हते. आतल्या पिंपाच्या बुडापासून वरपर्यंत एक बारीक नळी गेलेली असते. मला आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांचा प्रयोग आठवला. मी एक रिकामा पेला उपडा करून पाण्याच्या भांड्यात दाबला. पेल्यात पाणी चढेना, कारण आत हवा कोंडलेली. जितका खोल दाबावा तितकी हवा अधिक दाबली जाते. नळीतही असेच घडते. पाणी चढले की आतली हवा दाबली जाते आणि तो दाब वरच्या टोकाशी असलेल्या भागाला कळतो. नातीचा चेहरा उजळला. "म्हणजे पाणी साचलेच नाही, तर दाबही पडणार नाही!" ती म्हणाली. "मग दुसरा प्रश्न आधी."

त्या प्रश्नासाठी आम्ही विहिरीवरून पाच बादल्या पाणी आणून यंत्र बंद ठेवूनच त्यात ओतले. बाहेर जाणारी नळी एरवी मोरीच्या भिंतीतील पाइपात खोचलेली असे. नातीने ती उपसून एका रिकाम्या बादलीत सोडली. यंत्र बंद असताना त्या नळीतून थेंबही येऊ नये. पण येथे बोटाएवढी धार लागली होती! पाणी एका वाटेने येत होते आणि दुसऱ्या वाटेने जात होते. पातळी कधी चढणारच नव्हती. सर्किट बिचारे निर्दोष होते.

पाणी सोडणाऱ्या झडपेत दोष आहे, हे उघड झाले. आणि मी, अजूनही तोच मी, म्हणालो, "बघ! झडपेत वाळू अडकली आहे." नात काही बोलली नाही. तिने फक्त बादलीतले पाणी पुन्हा टाकीकडे नेले, वाया जाऊ नये म्हणून.

मग आम्ही यंत्र उघडले. नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग भिंतीतून काढून तो दिसेल असा बाजूला ठेवला, नळ बंद केला, उरलेले पाणी जाऊ दिले. प्लग काढल्यावरही कपॅसिटर नावाचा एक डबा काही काळ वीज धरून ठेवतो. त्याला आम्ही हात लावला नाही, तुम्हीही लावू नका, आणि घरातील मोठे माणूस जवळ नसताना असल्या कामाला जाऊ नका. मागच्या पत्र्याचे स्क्रू खाऱ्या हवेने गंजून घट्ट बसले होते. त्यांवर रॉकेलचे थेंब सोडून अर्धा तास वाट पाहिली. एक स्क्रू तरीही तुटलाच.

आत काळ्या रबराची झडप होती. एक तार तिला ओढून उघडते आणि स्प्रिंग तिला पुन्हा मिटवते. नातीने आधी मोबाईलवर तिचे छायाचित्र घेतले, "परत बसवताना लागेल," म्हणून. मी तार सोडवून टोपण फिरवले. आत धाग्यांचा गुंता होता, एक केसांचा आकडा होता, आणि तळाशी चिमूटभर वाळू.

"आजोबा, वाळू आहे," नात हळूच म्हणाली. तिनेच सांगितले, लपविले नाही.

पण झडप मिटू न देणारी वस्तू वाळू नव्हती. रबर आणि त्याच्या बैठकीच्या मधोमध काहीतरी तपकिरी, चपटे, पाचरीसारखे रुतून बसले होते. मी ते नखाने काढले, पुसले आणि ओळखले. ते सुपारीचे खांड होते. एका बाजूला माझ्या अडकित्त्याची सरळ कात अगदी स्पष्ट दिसत होती.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या पट्ट्यातील नारळी-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या वाडीत चारच पोफळी उभ्या राहिल्या. त्यांची सुपारी मी जपून खातो, अर्धी फोड तोंडात आणि अर्धी सदऱ्याच्या खिशात. तो सदरा त्या आठवड्यात धुण्यात गेला होता. घरात दुसरे कोणी सुपारी खात नाही.

मी पाटावर बसून राहिलो. वर्गातील दुसरा एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आला. पुष्कळ वर्षांपूर्वी एका वहीच्या चोरीचा आळ मी त्याच्यावर घेतला होता. वही दोन दिवसांनी माझ्याच कपाटात सापडली. तेव्हा मी वर्गाला वही सापडल्याचे सांगितले. कोठे सापडली, ते सांगितले नाही.

"बाळ," मी नातीला म्हणालो, "वाळूने काही केले नव्हते. चूक माझी. मी न पाहता तुला बोललो."

तिने माझ्या तळहातावरील खांडाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "रबराला खळगा पडलाय, आजोबा. पण फाटलेले नाही. धुऊन बसवू या?"

छायाचित्र पाहत आम्ही झडप परत बसवली. तार कोणत्या खाचेत अडकवायची हे मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती. पुन्हा पाच बादल्या ओतल्या. दहा मिनिटे दोघेही नळीच्या तोंडाकडे टक लावून बसलो. नळी कोरडी राहिली. प्लग लावला, नळ सोडला. पाणी आले, चढले, थांबले, आणि तळाची चकती फिरू लागली. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत आली, क्षणभर तो आवाज ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, तो तुटलेला स्क्रू जमिनीवर पडलाय, आधी उचला. कोणाच्या तरी पायात जाईल."

सायंकाळी वाळत घातलेल्या कपड्यांत माझा सदराही होता. नात किनाऱ्यावर गेली होती. यंत्राच्या झाकणावर तिने वहीचे एक पान चिकटवून ठेवले होते. त्यावर दोन ओळी होत्या. पहिली, 'फ्रॉक दोनदा झटकणे.' दुसरी, 'आजोबांचे खिसे तपासणे.'