थांबणार कशी?

मराठीत लिहायची ही माझी पहिलीच खेप. शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या मंडळी!

आमच्या आबांची, म्हणजे आजोबांची, जुनी महिंद्रा एमएम 540 जीप बार्शीजवळच्या गावात उभी असते. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा याच जीपनं तिला रातोरात सोलापूर गाठून दिलं. म्हणजे माझ्या जन्मात तिचा वाटा आहेच की! पण मागच्या वर्षी ती चढाला दम टाकायला लागली, काळा धूर सोडायला लागली. काका म्हणाले, "भंगारात घालू." आबा काहीच बोलले नाहीत. जेवलेही नाहीत.

मी थर्ड इयर मेकॅनिकलची! लगेच म्हणाले, "आबा, इंजिन बदलू." मूळचं इंजिन प्यूजो बनावटीचं, 2112 सीसी डिझेल. बोलेरोचं 2523 सीसी डीआय इंजिन जुन्या बाजारात मिळत होतं. वहीत आकडेमोड केली आणि अक्कलकोट रोडच्या एम.आय.डी.सी.तल्या एका मिस्त्रींकडे गेले.

त्यांनी वही नीट पाहिली. मग विचारलं, "ताई, पळंल की. पण थांबणार कशी?"

माझी बोलतीच बंद. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक! रात्री हॉस्टेलवर हिशोब मांडला. वेग 60 वरून 80 वर गेला तर गतिज ऊर्जा पावणेदोन पटीपेक्षा जास्त होते, आणि ती सगळी ब्रेकनंच जिरवायची. शिवाय माउंटिंग, क्लच, रेडिएटर, प्रोपेलर शाफ्ट... यादी संपेचना. वर कायदा वेगळाच. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत चालत नाही. इंजिन बदलायचं तर त्याच मेकचं, त्याच टाइपचं, तेही आरटीओच्या मंजुरीनं. 2019 साली सुप्रीम कोर्टानंही तेच बजावलं.

आबांना सांगायची हिंमत होईना. शेवटी फोन केला. ते एवढंच म्हणाले, "बाळ, जुनंच दुरुस्त होतंय का बघ."

झालं की! पिस्टन-रिंगा, नोझल बदलले, पंप सेट केला. पण सगळ्यात आधी ब्रेक शू आणि व्हील सिलिंडर नवे घातले.

दिवाळीत आबांना शेजारी बसवून शेतावर निघाले. जीप अजूनही हळूच चढते. उतार लागला तसं आबा म्हणाले, "मार ब्रेक." जीप जागच्या जागी थांबली. आबा गालातल्या गालात हसले.

मित्रांनो, प्रोजेक्टमध्ये पॉवर वाढवणार असाल तर जरूर वाढवा. फक्त थांबायचं गणित आधी मांडा.