सकाळी उकळलेली बासुंदी

मे महिन्यातल्या दाट लग्नतिथीला प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्यूटी असणं काय असतं, हे या खात्यात नोकरी केलेल्यांना सांगायला नको. दुपारी चारच्या सुमारास पहिली जीप आली, मागोमाग ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि बघता बघता व्हरांड्यात सतरंज्या अंथराव्या लागल्या. उलट्या, पोटात मुरडा, काहींना जुलाब. पंगत दीडच्या आसपास उठलेली. ताप मात्र कुणालाच नव्हता.

जेवण आणि उलटी यांत इतकं कमी अंतर असलं आणि अंग गार असलं, की पहिला संशय जातो स्टॅफिलोकोकस ऑरियसवर. साल्मोनेला असता तर एवढे सगळे दुपारीच आले नसते. बहुतेकांना रात्र किंवा दुसरा दिवस उजाडला असता, वर तापही आला असता. स्टॅफिलोकोकसला पोटात जाऊन वाढायची गरजच नसते. तो अन्नातच विष करून ठेवतो. म्हणून अशा वेळी अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. सिस्टरनी ओआरएसची पाकिटं फोडली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लहानग्यांना सलाईन लावली. बाहेर चर्चा करणीपासून दुधातल्या युरियापर्यंत पोचली होती.

मी प्रत्येकाला एकच विचारत होतो, काय काय खाल्लं? सगळ्यांनी सगळं खाल्लेलं. पण नवरीचा मामा ठणठणीत होता, उलट्या करणाऱ्यांना पाणी देत फिरत होता. त्याला मधुमेह, बासुंदीची वाटी त्याने परत केली होती. आणि पहिल्या जीपमध्ये आलेली बहुतेक वाढपी पोरं होती, पंगतीआधीच बासुंदी चाखून बसलेली.

संध्याकाळी मांडवात गेलो. आचारी घाबरला होता, पण मुद्द्याचं बोलला. “डॉक्टरसाहेब, नासली असती तर पहिल्या वाटीलाच कळलं असतं. आणि सकाळी चांगली खळखळून उकळी काढलीय.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. या विषाला वास नाही, चव नाही, आणि अर्धा तास उकळूनही ते टिकतं. जंतू मरतात, त्यांनी केलेलं विष तसंच राहतं.

त्याच्या अंगठ्याला चिंधी होती. सोडायला लावली. नखुरडं झालेलं, नखाच्या कडेची कातडी टरारून फुगलेली, आत पिवळट पू. आदल्या रात्री बासुंदी कोमट झाल्यावर याच हातांनी त्याने बदाम-पिस्त्यांचे काप घातले होते, चमच्याने नीट मिसळेनात म्हणून हातानेच. वर परात झाकली आणि पातेलं मेच्या उकाड्यात रात्रभर मांडवात राहिलं.

1914 मध्ये फिलिपिन्समध्ये बार्बर नावाच्या संशोधकाने कासदाह झालेल्या गाईचं दूध स्वतः पिऊन पाहिलं होतं. ताज्या दुधाने काही झालं नाही. तसंच बाहेर राहिलेल्या दुधाने तो आजारी पडला. आमच्या पातेल्यातही नुसत्या अंगठ्याने भागलं नसतं, रात्रीची साथ लागलीच.

यजमानीणबाईंनी पहाटे, उकळण्याआधी, एक डबा काढून फ्रीजमध्ये ठेवला होता. तो, पातेल्यातली खरवड आणि अंगठ्यातला पू, तिन्ही नमुने बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवले. डब्यातल्या बासुंदीत आणि पुवात स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडला. उकळलेल्या खरवडीत काहीच वाढलं नाही. तोवर वऱ्हाड केव्हाच बरं होऊन घरी गेलं होतं.

गावाने सगळा राग आचाऱ्यावर काढला, ते मला पटलं नाही. निरोगी माणसांपैकीही साधारण तिघांतल्या एकाच्या नाकात हा जंतू असतो. अंगठा दाखवला असता तर त्याची त्या दिवसाची मजुरी गेली असती, म्हणून त्याने चिंधी बांधली. तेव्हा लग्नघरच्यांना एवढंच सांगणं आहे: दुधाचं पक्वान्न त्याच दिवशी करा, नाहीतर बर्फाची सोय करा. आणि आचाऱ्याच्या हाताला जखम दिसली तर त्याला भट्टीवर, लाकडांवर, कुठेही लावा, पण रोज पूर्ण द्या. नाहीतर पुढच्या वेळी तो चिंधीसुद्धा बांधणार नाही.