भुशाची वाट

सुतारकाम हा आमचा चरितार्थ नव्हे. ती निवृत्तीनंतर जडलेली आवड आहे. नाना पेठेतील जुन्या घराच्या मागील खोलीत गोल करवत, रंधायंत्र आणि सँडर एवढा आमचा संसार. टिंबर मार्केट जवळच, त्यामुळे सागवानाला तोटा नाही आणि अर्थातच भुशालाही नाही.

ज्यांनी आम्हांला पटाशी धरायला शिकविले ते मामा म्हणत, "चाळीस वर्षे भुसा खाल्ला, काय झाले मला?" एवढे वाक्य पुरे करताना त्यांना दोनदा थांबून खोकावे लागे.

जमिनीवरचा भुसा केरसुणीने निघतो. जो पिठाहून बारीक असतो तो मात्र कितीतरी वेळ हवेत तरंगतो आणि थेट छातीत उतरतो. इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचरच्या गावी १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या ध्यानी आले की, लाकूडकामगारांना नाकाच्या आतील कर्करोग इतरांहून फार अधिक होतो. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारक ठरविली.

तेव्हा धूळ जिथे उडते तिथूनच ती ओढून घ्यायचे आम्ही ठरविले. मोटरचा पंखा आणला, ११० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप भिंतीवरून फिरविले. कीस वाहून न्यायला हवेला सेकंदाला सुमारे २० मीटर वेग लागतो. तो घटला की कीस पाइपातच बसतो. पाइपाचा व्यास निम्मा केला तर हवेची वाट चौथाई उरते, म्हणून बारीक पाइप इथे कामाचे नाहीत. काटकोनाऐवजी ४५ अंशांची दोन वळणे जोडली. प्रत्येक यंत्रापाशी सरकती झडप बसविली. चालू यंत्राचीच उघडी ठेवली की सारी ओढ तिकडे लागते.

खरा प्रश्न पुढेच होता. ही हवा सोडायची कुठे? खिडकीबाहेर सोडणे सर्वांत स्वस्त. पण मागच्या बोळात शेजाऱ्यांचे कपडे वाळतात, वरच्या मजल्यावर तान्हे मूल आहे. आपली छाती वाचवून धूळ दुसऱ्याच्या दारी धाडणे आम्हांला रुचले नाही. बारीक धूळ अडविणारा फिल्टर घेतला; खर्च जड गेला, पण शेजार राखला गेला. एवढे करूनही सँडर चालविताना आम्ही मास्क लावतोच, कारण सारीच धूळ पाइपात जात नाही.

आता मन अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. आपल्या घरी कपाट करायला येणाऱ्या कारागिरापाशी ना पंखा असतो, ना पाइप. तो बाल्कनीत प्लायवूड कापतो आणि सामानावर धूळ बसू नये म्हणून आपण आतून दार लावून घेतो. सामानाची एवढी काळजी घेणाऱ्या आपण, चहाच्या कपासोबत एक चांगला मास्क त्याच्या हाती द्यायला काय हरकत आहे?