साडेपाच ज्यूल आणि भाचा

गणपतीला कंग्राळीला गेलो, तर अकरावीतला भाचा वाटच बघत होता. "मामा, कॉइलगन करूया की!" कपॅसिटरमधली वीज एकदम तारेच्या गुंडाळीत सोडायची, की गुंडाळीतला लोखंडी खिळा उडतो. त्यासाठी त्याने जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला कपॅसिटर काढायचं ठरवलं होतं. कॅमेरा बघताच माझा हात आपोआप मागे गेला.

बीईला असताना असाच एक कॅमेरा मी उघडला होता. सेल काढून तासभर झाला होता, म्हणून निर्धास्त होतो. बोट लागलं आणि हात कपाटावर आपटला. आवाजाने आई धावत आली. सेल काढला तरी कपॅसिटर भरलेला राहतो हे पुस्तकात वाचलं होतं. कळलं त्या दिवशी.

म्हणून भाच्याला आधी हिशेबाला बसवलं. ऊर्जा म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन. फ्लॅशचा १०० मायक्रोफॅरड, ३३० व्होल्ट: सुमारे ५.४ ज्यूल. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा ४४० व्होल्टला भरला तरी जेमतेम पाव ज्यूल. आणि ६३ व्होल्टचा, ४७०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक ४८ व्होल्टपर्यंतच भरला, तर तेवढेच ५.४!

"मग ३३० कशाला पाहिजे?" तो म्हणाला. कमी व्होल्टेजला करंट सावकाश चढतो, म्हणून जाड तार आणि कमी वेढे घ्यावे लागतात. फिल्म कपॅसिटर अशा झटक्यांना जास्त टिकतो, उलटं व्होल्टेजही सोसतो. इलेक्ट्रोलिटिकला ते चालत नाही, तो फुटू शकतो. म्हणून त्याला डायोड लावायचा. पण कोरड्या हाताला ४८ आणि ३३० व्होल्ट यांत फार फरक आहे. आम्ही ४८ घेतले.

निवडताना आणखी एक प्रश्न विचारायचा: हा रिकामा कसा होणार? दोन टोकांना १० किलोओहमचा रेझिस्टर कायमचा जोडला, की चारेक मिनिटांत उतरतो. तरीही मीटर लावल्याशिवाय हात लावायचा नाही.

संध्याकाळी खिळा पुठ्ठ्यात रुतला. तेवढ्यात आक्काने आरतीला हाक मारली. भाचा उठला नाही. मीटरवरचा आकडा एकच्या खाली येईपर्यंत बसून राहिला. खिळ्यापेक्षा मला तेच जास्त आवडलं.