कुणी न मागितलेला प्रोग्रॅम

दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप उघडला की घरचे विचारतात, ‘आजही काम?’ हे काम नव्हे हे त्यांना पटवणं अवघड. या कोडला क्लायंट नाही, डेडलाइन नाही, सोमवारची मीटिंग नाही. शेजारी चकल्यांची बशी, बाहेर फटाके, आणि समोर निव्वळ हौसेने घेतलेला एखादा प्रश्न.

यंदा मी ठिपक्यांची रांगोळी प्रोग्रॅममधून काढायला घेतली. पंधरा ते आठ ठिपके: मधल्या ओळीत १५, मग वर आणि खाली एकेक कमी करत ८ वर थांबायचं. आई गेरूवर चिमटीतून हे ठिपके बघता बघता टाकते. संगणकाला मात्र सगळं बैजवार सांगावं लागतं. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्ध्या अंतराने सरकवायची. शिवाय शेजारचे सगळे ठिपके सारखेच लांब हवेत, म्हणून दोन ओळींमधलं अंतर दोन ठिपक्यांमधल्या अंतराच्या ०.८६६ पट घ्यायचं. समभुज त्रिकोणाची उंची तेवढीच असते. लूप फिरला आणि काळ्या स्क्रीनवर १६९ पांढऱ्या ठिपक्यांचा रेखीव षटकोन उमटला.

आई मागे येऊन उभी राहिली. “ठिपके छान आलेत. आता मधून सुरू कर. एक पाकळी नीट काढ, बाकीच्या पाच तिच्यासारख्याच.” मी तेच लिहिलं. पाकळीचं एक फंक्शन, दर वेळी ६० अंशांनी वळण, असं सहा वेळा. तिच्या हातातलं गणित तिने कधी गणित म्हणून मांडलं नव्हतं. माझ्या कोडमध्ये ते जसंच्या तसं उतरलं.

ज्या पायथॉनमध्ये मी हे लिहीत होतो, ती भाषासुद्धा सुट्टीतच सुरू झाली. १९८९चा डिसेंबर, अ‍ॅमस्टरडॅम. नाताळात ऑफिस बंद, घरी संगणक, आणि तिचे जनक गिदो व्हान रॉसम यांना हौसेखातर करायला काहीतरी हवं होतं. आधी काही वर्षं त्यांनी ‘एबीसी’ या भाषेवर काम केलं होतं. सामान्य माणसालाही प्रोग्रॅमिंग सहज जमावं म्हणून केलेली ती भाषा फारशी पसरली नाही. तिच्यातलं आवडलेलं त्यांनी नव्या भाषेत आणलं. समास सोडून ओळींचे गट पाडण्याची पद्धत त्यातलीच. नाव दिलं ते ‘मॉन्टी पायथॉन’ या बीबीसीच्या विनोदी मालिकेवरून. फेब्रुवारी १९९१मध्ये ही भाषा सर्वांसाठी खुली झाली.

नाताळच्या त्या दिवसांमागे एबीसीची काही वर्षं होती. आवडलेल्या गोष्टी मनात साठत राहतात, रोजच्या कामात त्यांना जागा मिळत नाही. सुट्टीत ती मिळते. चूल पेटती ठेवायला शिकलेली विद्या तेव्हा आपल्या आवडीच्या कामी येते, आणि आपण या वाटेला मुळात का आलो ते पुन्हा कळतं. म्हणून कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी कुणी न मागितलेला प्रोग्रॅम लिहावा. तो कुणाच्या उपयोगी पडला तर उत्तम. नाही पडला तरी लिहिणाऱ्याचा हात त्याने ताजा होतो.